सटवाजी मामांचे पाच किलोमीटर

सटवाजी मामा शर्यतीत शेवटची फीत ओलांडतात आणि पळतच राहतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते पालमच्या मॅरेथॉनला. आमच्याकडे रस्त्यावरच्या कोणत्याही शर्यतीला मॅरेथॉनच म्हणतात, मग ती तीन किलोमीटरची असो की पाच. फितीच्या पलीकडे मंडप होता, मंडपात पाहुणे बसले होते, डीजे वाजत होता. मामा ज्येष्ठ नागरिक गटात पहिले येत होते. त्या गटात ते एकटेच होते, पण पहिले ते पहिलेच. माईकवरून त्यांचं नाव पुकारलं, एक कार्यकर्ता पदक घेऊन पुढे झाला, आणि मामा त्याच्या बाजूनं, मंडपाच्या बाजूनं, रसवंतीच्या बाजूनं सरळ बाजारपेठेत पळत गेले. कार्यकर्ता पदक घेऊन त्यांच्यामागे. कापड दुकानांपाशी त्यानं त्यांना गाठलं तेव्हा मामा न थांबता म्हणाले, "जरा दम धर बाळा, अजून दोनशे चाळीस मीटर ऱ्हायलेत."

त्या बिचाऱ्यानं ते दोनशे चाळीस मीटर त्यांच्या जोडीनं पळून काढले. मग एका मिरचीवालीच्या ढिगाऱ्यापाशी मामा थांबले, खाली वाकून गळ्यात पदक घालून घेतलं, आणि शिंकत शिंकत चालत मंडपाकडे परत आले. आयोजकांना अर्ज द्यायचा होता.

याच्या उलटही झालेलं आहे. जिंतूरच्या एका शर्यतीत अंतर जास्त भरलं. फीत समोर दिसत होती, तीनशे मीटरही राहिली नव्हती, आणि मामांनी डोक्याचा रुमाल सोडला, रस्त्याच्या कडेला अंथरला आणि वर मांडी घालून बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. रुग्णवाहिका आली, पोरांनी पाणी आणलं, कुणीतरी पाय चोळायला लागलं. मामा म्हणाले, "मला काय बी झालं न्हाई. माझे पाच झालेत. पुढचं तुमचं तुमी पळा."

मामा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. बांधकाम खात्याच्या रस्ता गँगमध्ये ते मजूर म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. खड्डे बुजवणं, कडेचं गवत काढणं, किलोमीटरचे दगड रंगवणं यात त्यांची सगळी नोकरी गेली. वय बासष्ट असेल. अंगावर मांस असं नाहीच. पळताना खाकी हाफ पँट, शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, आणि आयोजकांनी दिलेला टी-शर्ट. त्या टी-शर्टांचं माप एकच असतं, त्यामुळे मामा पळतात तेव्हा टी-शर्ट त्यांच्या मागून पळत येतो असं वाटतं.

निवृत्त झालेली माणसं पारावर बसतात. मामांनी निवृत्तीनंतर पळायला का सुरुवात केली, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते नुसतं म्हणायचे, "रस्ता तर सगळा माझाच हाय. नुसतं बसून काय करू?"

त्यांची मोजायची पद्धत अशी. पळताना त्यांचं पाऊल ऐंशी सेंटिमीटरचं पडतं. हे त्यांनी ओल्या मातीत पळून, ठसे मोजून काढलेलं आहे. अडीचशे पावलं म्हणजे दोनशे मीटर. दोनशे मीटर झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. पंचवीस चिंचोके इकडचे तिकडे झाले की पाच किलोमीटर. मी त्यांना एकदा भीत भीत म्हणाले की मामा, मोबाईलमध्ये आता आपोआप अंतर येतं. ते म्हणाले, "मोबाईल वरून बघायलाय, म्या खालून बघायलोय. रस्ता कुठं असतो?"

सेलूच्या शर्यतीत त्यांचा डावा खिसा फाटका निघाला. तिसऱ्या किलोमीटरला हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गर्रकन वळून, रस्त्यावर बघत बघत उलटे पळायला लागले. मागून येणाऱ्या सात-आठ जणांना वाटलं, वळसा इथंच आहे. तेही वळले. त्यांना बघून आणखी काही वळले. मामांना अकरा चिंचोके सापडले. बाकीच्यांना काय सापडलं माहीत नाही. पण त्या दिवशी पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं, जी कायम पहिली-दुसरी येतात, ती मामांच्या मागे आली, आणि ती गोष्ट त्या पोरांनी अजून मनावर घेतलेली आहे.

मामांच्या तोंडात एक वाक्य कायम असतं. "मोजलं का?" लग्नात कुणी सांगितलं की हजार माणूस जेवलं, तर मामा विचारणार, मोजलं का? सरपंच म्हणाले की शंभर झाडं लावली, मामा विचारणार, मोजलं का? सरपंच आता मामा दिसले की झाडांचा विषय काढत नाहीत. मला बारावीला एकाहत्तर टक्के पडले तेव्हा मी पेढे घेऊन गेले. आमच्या घरात बारावीपर्यंत आलेली मी पहिलीच, त्यामुळे मला फार आनंद झाला होता. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, मोजलं का? मला वाईट वाटलं, पण घरी येऊन मी गुणपत्रिकेवरच्या सगळ्या विषयांची बेरीज केली, भागाकार केला. बरोबर आलं. परत जाऊन त्यांना सांगितलं. तेव्हा त्यांनी दुसरा पेढा घेतला.

मी स्वतः एकदा मुलींच्या तीन किलोमीटरला पळाले आणि नववी आले. मामांनी सांगितलं की तू नववी आलीस ती दोन हजार सातशेत. खरे तीन असते तर कदाचित आठवी आली असतीस, कारण तुझ्या पुढची पोरगी शेवटी लय दमली होती. असं समाधान मला दुसऱ्या कुणी दिलं नसतं.

तर, अंतर. जिल्ह्यातली एकही पाच किलोमीटरची शर्यत खरी पाच किलोमीटर नसते, हे मामांचं दुःख. आयोजक मोटारसायकलच्या काट्यावर अंतर धरतात, किंवा चौकापासून चौकापर्यंत पाचच असतील असं म्हणतात. शर्यत झाली की मामा खिशातून घडी घातलेला कागद काढतात. विषय, स्पर्धेतील अंतर कमी भरल्याबाबत. अक्षर मोठं आणि सरळ, दगडावर काढल्यासारखं. अर्जाखाली "आपला विश्वासू" आणि सही. कागद आधीच लिहिलेला असतो, फक्त किती मीटर कमी भरलं तेवढी जागा रिकामी असते. "कमी" खोडून "जास्त" करायची वेळ फारच थोड्या वेळा येते.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या शर्यतीत नव्वद मीटर कमी भरले. मामांनी तीन अर्ज दिले. शेवटी आमचे क्रीडा विभागाचे सर कंटाळून म्हणाले, "मामा, पुढच्या वर्षी तुम्हीच मोजून द्या. सही तुमची. दगडागणिक आकडे लिहा, आपण बोर्डावर लावू. म्हणजे कुणाची तक्रार नको." सरांच्या मनात बहुतेक असं होतं की आता तरी अर्ज बंद होतील. मामांना मात्र रस्त्यातच भरून आलं. मग अंगणात उभं राहून मला म्हणाले, "वैष्णे, एक तरी पाच खरं पाच होईल बग आता. माझ्या सहीचं."

यंदा जानेवारीत कॉलेजचं हिवाळी शिबिर आमच्याच गावात होतं, आणि शर्यत आमच्याच रस्त्यावर ठरली. जिंतूरहून आमच्याकडे येणाऱ्या रस्त्यावर किलोमीटर चौदाच्या दगडापासून निघायचं आणि आमच्या फाट्यावर, किलोमीटर नऊच्या दगडाजवळ, संपवायचं. चौदातून नऊ गेले, पाच. सरांनी पत्रकं छापूनही टाकली. प्रमुख पाहुणे म्हणून बांधकाम खात्याचे साहेब येणार होते. मी शिबिरात स्वयंसेवक होते आणि मामांची शेजारी, म्हणून टेपचं एक टोक माझ्याकडे आलं.

टेप तीस मीटरची, लोखंडी. मामांचं म्हणणं, टेप थंडीत आखडती आणि उन्हात सैल होती, सात ते साडेआठ एवढ्या वेळातच ती बराबर असती. म्हणून आम्ही तीन दिवस, रोज सकाळी दीड तास मोजलं. मी मागचं टोक खडूच्या खुणेवर धरायचे, मामा पुढचं टोक ताणून खूण करायचे, मी वहीत एक रेघ मारायचे. तेहतीस रेघा आणि वर दहा मीटर झाले की पुढचा दगड यायलाच पाहिजे. चौदा ते तेरा, एक हजार. तेरा ते बारा, एक हजार एक. बारा ते अकरा, नऊशे नव्व्याण्णव. मामा प्रत्येक दगडापाशी पोचले की त्याच्यावर टेपचं टोक हळूच टेकवायचे. हे सगळे दगड त्यांच्याच गँगनं लावलेले. मला म्हणाले, "बग, एक मीटर इकडं का तिकडं. आन् तवा आमच्याकडं टेप बी नव्हती, साखळी होती."

तिसऱ्या दिवशी अकरा ते दहा झालं, एक हजार. मग दहा ते नऊ. हे शेवटचं आहे म्हणून मी मनातून खूश होते. पण लक्षात आलं की मामांनी त्या सकाळी एकदाही काही सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस रेघा झाल्या, वर वीस मीटर, आणि नऊचा दगड आला.

आठशे साठ.

मला वाटलं माझंच चुकलं. माझं नेहमी तसंच होतं. वर्गात सरांचं गणित चुकलं तरी मी आधी माझी वही खोडते. मी म्हणाले, मामा, रेघा मारताना माझ्याकडून पाच राहिल्या असतील, आपण परत मोजू. ते परत दहाच्या दगडाकडे चालायला लागले. परत मोजलं. आठशे साठ. मी म्हणाले, ऊन चढलंय, टेप सैल झाली असेल. एकशे चाळीस मीटरनं टेप सैल होत नाही हे मलाही कळत होतं.

मामा फाट्यावरच्या शेडमध्ये जाऊन बसले. आम्ही अकरा मुली रोज सकाळी या शेडमधून एसटीनं जिंतूरला कॉलेजला जातो. मीही शेजारी बसले. ते म्हणाले, "तुझं न्हाई चुकलं. दगड चुकलाय. म्याच आणून लावलाय इथं, तीस वर्षांखाली."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तेव्हा आमच्या फाट्यावर एसटी थांबत नव्हती. गावानं ठरवलं, थांब्यासाठी अर्ज करू. खात्यातला माणूस म्हणून अर्ज मामांना लिहायला दिला. दुसऱ्या कुणीही साधं लिहिलं असतं, आमच्या फाट्यावर गाडी थांबवा. मामांनी लिहिलं, कि.मी. ९ येथे विनंती थांबा मिळावा. फाटा म्हणजे नऊच, असं त्यांना वाटलं होतं. मोजलं नव्हतं. अर्ज मंजूर झाला, अगदी लिहिला होता तसा, आणि गाडी नऊच्या दगडाशी थांबायला लागली. दगड होता फाट्याच्या एकशे चाळीस मीटर पुढे, ओढ्याच्या उतारावर, बाभळीत.

तेव्हा गावातून जिंतूरच्या शाळेत जाणारी पोरगी एकच होती. मामांची सुनीता. नववीला. ती एकटी त्या उतारावर बाभळीत उभी राहायची. खालच्या अंगाला असल्यामुळे ड्रायव्हरला ती दिसायचीच नाही, गाडी बऱ्याचदा निघून जायची. मग पोरगी परत घरी. चार-सहा वेळा असं झालं तेव्हा भावकीतली माणसं बोलायला लागली की पोरीच्या जातीला रोज ओढ्यात कशाला उभं करतोस, बसव घरी. मामांपुढे दोन वाटा होत्या. दुसरा अर्ज करायचा, की पहिला अर्ज मोजण्यात चुकला. किंवा दगड हलवायचा.

"गाव म्हणलं असतं, रस्त्यावर नोकरी करतो आन् ह्याला नऊ कुठं हाय ते ठावं न्हाई," मामा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. अर्धं पोरीसाठी केलं, अर्धं लाजेपायी."

बाजाराच्या दिवशी, गाव जिंतूरला गेलेलं असताना, मामा आणि मामी बैलगाडी घेऊन ओढ्यावर गेले. पहारीनं दगड उपटला, फाट्यावर आणून पुरला, धुऊन वर नवा हिरवा रंग दिला. सोमवारी ड्रायव्हरनं नऊचा दगड बघून गाडी थांबवली. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. दगड कोण मोजतंय? हे फक्त दोघांना माहीत होतं. मामी जाऊन सहा वर्षं झाली.

मला खरं तर हसू येत होतं, पण मामांचा चेहरा बघून हसले नाही. त्यांना भीती वाटत होती. आकड्यांचा कागद बोर्डावर लागणार, खात्याचे साहेब तो वाचणार, दगड परत ओढ्यावर जाणार, आणि त्याच्या मागं थांबा. मी म्हणाले, मामा, आता इथं शेड आहे, शेडवर गावाचं नाव आहे, आता गाडी कशाला ओढ्यात थांबेल? मामा म्हणाले, "शेडचा अर्जात उल्लेख न्हाई."

मी वही उघडून बसले होते. खूप विचार करून म्हणाले, "मामा, मी नुसती बेरीज लिहू का? कुणी विचारणार नाही."

मामांनी वहीकडे बघितलं. रिकाम्या जागेकडे बोट केलं. "दहा ते नऊ. आठशे साठ. लिही."

मी लिहिलं. पाच पुरे करायला सुरुवातीची रेषा चौदाच्या दगडाच्या एकशे चाळीस मीटर मागे न्यावी लागली, ती नेमकी एका पिठाच्या गिरणीच्या दारात आली. सर वैतागले. पत्रकात दगड छापलाय आणि गिरणी कुठून आली, असं म्हणाले. मी कागद पुढे केला. त्यांनी फक्त शेवटचा आकडा बघितला, पाच हजार, आणि म्हणाले, "झालं तर मग."

शर्यतीच्या दिवशी पाहुणे सगळे शेवटच्या टोकाला, फाट्यावर, त्यामुळे सुरुवातीला गिरणीपाशी झेंडा दाखवायला कुणीच मोठं माणूस नव्हतं. तो गिरणीवाल्यानं दाखवला. साठ-सत्तर पोरं निघाली, त्यांच्या मागे मामा. मी फाट्यावर बोर्डाजवळ उभी होते. साहेब आले, हार घेतला, नारळ घेतला, आणि पोरं यायला अजून वेळ होता म्हणून चष्मा लावून बोर्ड वाचायला लागले. मला वाटलं होतं साहेब लोक असले कागद वाचत नाहीत. हे वाचत होते, बोट ठेवून.

"हे कोणी मोजलं?"

"मी आणि मामांनी, सर."

"दहा ते नऊ आठशे साठ कसं काय?"

टेप घसरली म्हणावं, असं जिभेवर आलं. मग आम्ही तीन दिवस कशाला मोजलं, असंही मनात आलं. मी म्हणाले, "दगड सरकलेला आहे, सर."

"कुणी सरकवला?"

तेवढ्यात पहिली पोरं आली, टाळ्या सुरू झाल्या, डीजे सुरू झाला, आणि साहेबांना बक्षिसाकडे नेलं. पण साहेब मला बघून ठेवल्यासारखं करून गेले होते. मी तिथून हलले नाही. पळून गेले असं वाटू नये म्हणून. बेचाळीस मिनिटांनी मामा आले. त्यांनी फितीवर पाय दिला, डाव्या खिशात हात घातला, पंचवीस चिंचोके मुठीत घेऊन बघितले आणि थांबले. आमच्या गावातल्या काही लोकांनी त्यांना पुढे पळायला जागा करून ठेवली होती, ते गोंधळले. मी मामांजवळ जाऊन हळूच सांगितलं की साहेबांनी विचारलंय. मामा धापा टाकत, टी-शर्ट सावरत, सरळ मंडपात गेले.

"साहेब, दगड म्या सरकवलाय. तीस वर्षांखाली. गँग सहाचा मुकादम. सजा काय असंल ती मला द्या, पर थांबा हलवू नका."

साहेबांना आधी काही कळलंच नाही. मग मामांनी तो सगळा अर्ज, ओढा, बाभळी, दोन मिनिटांत सांगितलं. सुनीताचं नाव आलं तिथं ते थोडे अडखळले. साहेबांनी फाट्याकडे बघितलं, शेडकडे बघितलं. शिबिराच्या टोप्या घातलेल्या माझ्या मैत्रिणी पाणी वाटत होत्या. साहेबांनी मला विचारलं की तुम्ही इथूनच गाडीत बसता का. मी म्हणाले, अकरा जणी.

साहेब जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मुकादम, दगड तुम्ही नवरा-बायकोनं एका दुपारी हलवला. तो परत हलवायचा तर माझ्या अख्ख्या ऑफिसला वर्षभर कागद हलवावे लागतील. राहू द्या तो तिथंच."

"पण साहेब, चूक ती चूकच."

"चूक आहे. राहू द्या."

मामांचं समाधान झालं नाही. त्यांनी खिशाकडे हात नेत विचारलं, "मग तसा एक अर्ज करू का?"

साहेबांनी दोन्ही हात जोडले. "अर्ज मात्र करू नका."

मंडपवाले खांब काढायला लागले तेव्हा मामा दगडाजवळ उभे होते. पदक अजून गळ्यात होतं. मला वाटलं खूश असतील. खूश होतेही, पण मध्येच ओढ्याच्या उताराकडे बघत होते. मग स्वतःच म्हणाले की सुनीता दोन वर्षं गेली या गाडीनं. दहावी झाली, अकरावीला जायचं म्हणत होती. तेव्हा चांगलं स्थळ आलं आणि त्यांनी लग्न लावून दिलं. आता ती चाकणला असते, जावई कंपनीत आहेत. सणावाराला फोन येतो. बरं हाय का, बरं हाय, एवढं बोलून होतं. एवढ्या वर्षांत दगडाचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनं अकरावीचं पुन्हा काढलं नव्हतं.

"साहेबाला कळलं, सगळ्या मंडपाला कळलं," मामा म्हणाले. "तिलाच तेवढं ठावं न्हाई. तुझ्या मोबाईलवरून सांगता येतं का बग."

मी त्यांचा दगडाशेजारी फोटो काढला. ते आधार कार्डाला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ताई, मी शेजारची वैष्णवी. नऊचा दगड मामा-मामींनी तुमच्यासाठी ओढ्यावरून इथं आणला होता. मामा म्हणतात, तुम्हाला सांग.

उत्तर यायला वेळ लागला नाही. मी ते मामांना वाचून दाखवलं.

"मला तवाच माहीत झालतं. बाबांची आन् मायची नखं आठ दिवस हिरवी होती."

मामांनी मला ते परत वाचायला लावलं. मग आपल्या हातांकडे बघितलं, उलटे करून, नखांकडे. मी विचारलं, मामा, काय लिहू? ते म्हणाले, थांब. मंडपवाल्यांनी दोन खांब टेम्पोत टाकले तोवर ते विचार करत होते. अंतर बराबर भरलं म्हणून लिही, असं म्हणाले, आणि मी लिहायला लागले तर म्हणाले, नको, ते नको.

"एवढंच लिही," ते म्हणाले. "कवा यायलीस?"

मी लिहिलं आणि पाठवलं. चाकणकडून काहीतरी लिहिलं जात होतं, थांबत होतं, परत लिहिलं जात होतं. आम्ही दोघं मोबाईलकडे बघत तिथंच उभे राहिलो.